पटवणं आणि फसवणं

४ जानेवारी १९५४ या दिवशी अमेरिकेतल्या ४०० हून अधिक वृत्तपत्रांत एक पानभर निवेदन छापून आलं. त्यात देखणा चेहरा नव्हता, धुराची वलयं नव्हती. सिगारेट ओढणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला शांत, सरळ मजकूर होता आणि खाली तंबाखू कंपन्यांची व उत्पादक संघटनांची नावं होती. आदल्याच वर्षी अर्न्स्ट वाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेटच्या धुरातलं डांबर उंदरांच्या पाठीवर लावून कर्करोगाच्या गाठी होतात हे दाखवलं होतं, आणि ती बातमी गाजली होती. निवेदनाने ती खोडून काढली नाही. प्रयोग करणारे डॉक्टर मान्यवर आहेत, असंच म्हटलं. मात्र हे प्रयोग निर्णायक मानले जात नाहीत, कर्करोगाची कारणं अनेक असू शकतात, तज्ज्ञांचं त्यावर एकमत नाही, असं पुढे जोडलं. लोकांचं आरोग्य आम्हाला धंद्यापेक्षा मोठं आहे अशी ग्वाही दिली, आणि संशोधनाला पैसा देण्याचं वचन दिलं. हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेच्या सल्ल्याने हा सगळा बेत आखला गेला होता.

यातली वाक्यं सुटी करून तपासली तर त्या काळी त्यांतलं थोडंच सरळ खोटं ठरलं असतं. विज्ञानात शंकेला जागा असते हे खरं, तज्ज्ञांत मतभेद असतात हेही खरं. वाचकाला खोटी गोष्ट सांगण्याची गरजच पडली नाही. त्याच्या मनात ‘अजून नक्की काय ते कळलेलं नाही’ एवढं रुजलं की काम झालं. पुढे १९६९ साली एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात हे उघडच लिहिलेलं सापडलं: शंका हाच आपला माल आहे, कारण लोकांच्या मनात असलेल्या तथ्यांच्या साठ्याशी टक्कर द्यायला तोच उत्तम. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केल्याचा निवाडा दिला. दुरुस्तीची निवेदनं वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर झळकायला मात्र २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. मधली ६३ वर्षं किती घरांना भोवली, ते त्या घरांनाच ठाऊक.

प्रचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे, भोंगे, आवेशाने बोलणारा पुढारी आणि धडधडीत थापा येतात. त्यामुळे जिथे आवाज चढलेला नाही तिथे आपण निर्धास्त असतो. या पुस्तकाची सुरुवात त्या निवेदनापासून करावीशी वाटली ती म्हणूनच. मन वळवण्याची तंत्रं मूर्खांवर चालतात आणि शहाण्यांवर चालत नाहीत, हा समज सोडल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. ही तंत्रं आपल्यातल्या चांगल्या गोष्टींनाच हात घालतात: मुलांची काळजी, थोरांवरचा विश्वास, उपकाराची जाण, चार लोकांत मिसळून राहण्याची ओढ, आणि दुसरी बाजूही ऐकून घ्यावी ही समंजस वृत्ती. सिगारेटवाल्यांनी या शेवटच्या वृत्तीचाच फायदा घेतला.

मग पटवणं कुठे संपतं आणि फसवणं कुठे सुरू होतं? तंत्रावरून हे ठरत नाही, असं मला ठामपणे वाटतं. भावनेला हात घालणं वाईट म्हणावं तर हुंड्याविरुद्धचं एकही नाटक उभं राहणार नाही. तर्काला धरून बोलणं चांगलं म्हणावं तर ते निवेदन तर्काच्या भाषेतच लिहिलेलं होतं. मला उपयोगी वाटणारी कसोटी वेगळी आहे: बोलणाऱ्याला जे जे ठाऊक आहे ते सगळं ऐकणाऱ्याला कळलं, तर हे बोलणं टिकेल का? टिकत असेल तर ते पटवणं. कळताक्षणी कोसळत असेल तर ती फसवणूक, मग त्यातलं एकेक वाक्य खरं का असेना. या पुस्तकात जाहिरात, राजकीय प्रचार आणि वादविवाद असे तीन प्रांत एकत्र आणले आहेत. विद्यापीठांत ते वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला नसतो. माणूस मात्र एकच असतो. तो सकाळी वर्तमानपत्र वाचतो, दुपारी दुकानात जातो आणि रात्री टीव्हीवरची चर्चा ऐकतो. ही कसोटी तिन्ही प्रांतांत सारखीच चालते.

पाश्चात्त्य परंपरा हा विचार ग्रीकांपासून मोजते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीतली जुलमी राजवट गेल्यावर जमिनीचे खटले सुरू झाले, आणि लोकांना कोर्टात बोलायला शिकवणारे गुरू पुढे आले. भाषणकलेचा उगम सांगितला जातो तो असा. प्लेटोने या कलेवर हल्ला चढवला. त्याच्या शिष्याने, अ‍ॅरिस्टॉटलने, तिला शास्त्राचं रूप दिलं. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मांडणीतला तर्क हे मन वळवण्याचे तीन आधार त्याने सांगितले, आणि आजही जाहिरात शिकवणारं जवळपास प्रत्येक पुस्तक त्याच तिघांभोवती फिरतं.

आपल्याकडचा विचार याहून कमी बारकाईचा नाही, पण तो संस्कृतच्या वर्गात अडकून पडला आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत राहायचं ती वितंडा. हेत्वाभास पाच, छल तीन, आणि वादात हरल्याची लक्षणं म्हणजे निग्रहस्थानं २२. आपण वितंडवाद हा शब्द आज नुसता भांडणासाठी वापरतो, पण तंबाखू कंपन्यांनी जे केलं ते शास्त्रशुद्ध वितंडा होती: आपला पक्ष मांडायचाच नाही, दुसऱ्याचा उभा राहू द्यायचा नाही. आणि न्यायसूत्रकार भाबडे नव्हते. कोवळ्या रोपाभोवती काट्यांचं कुंपण घालतात तसं तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प-वितंडाही वापराव्यात, अशी मुभा त्यांनी दिली आहे. या मुभेचं काय करायचं, हा प्रश्न पुस्तकात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

चरकसंहितेतला एक भाग मला याहूनही थक्क करतो. विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी हे सांगताना चरक दोन वाटा दाखवतो. जाणकार, न चिडणारा, मत्सर नसलेला वैद्य भेटला तर संधाय संभाषा: मोकळेपणी बोला, विचारा, हरलात तर वाईट वाटून घेऊ नका. समोरचा वैरभावाने आला असेल तर विगृह्य संभाषा. या दुसऱ्या वाटेवर आधी प्रतिवादी आणि सभा दोन्ही नीट पारखायची. मग ज्याचं वाचन कमी त्याच्यावर लांबलचक सूत्रपाठाचा मारा करायचा, ज्याला लांब वाक्य ध्यानात राहत नाही त्याच्याशी गुंतागुंतीच्या मोठाल्या वाक्यांत बोलायचं, तापटाला त्रस्त करायचं, भित्र्याला भेडसवायचं. रात्री नऊच्या चर्चेत कुणाला मुद्दाम चिडवलं जातंय आणि कुणाला आकड्यांखाली गाडलं जातंय, हे ज्याला ओळखायचं असेल त्याने हा उतारा जरूर वाचावा. चरकाची थोरवी अशी की त्याने दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या आणि दोन्हींना वेगवेगळी नावं दिली. आपण आता सगळ्यालाच ‘चर्चा’ म्हणतो.

राज्यकर्त्याच्या बाजूने हा विषय पाहायचा तर कौटिल्याकडे जावं लागतं. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात एक योजना आहे. हेरांनी दोन गट करून तीर्थक्षेत्री, सभांत, गर्दीच्या ठिकाणी जाहीर वाद घालावा. एकाने म्हणावं, आपला राजा गुणी आहे असं ऐकतो, पण हा तर दंड आणि कर लादून लोकांना पिळतो आहे. याच्यात कुठला गुण दिसतो? भोवतीचे लोक त्याला दुजोरा देऊ लागले की दुसऱ्याने त्याला आणि त्यांना अडवावं. मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी स्थिती होती तेव्हा लोकांनीच मनूला राजा केलं, धान्याचा सहावा आणि व्यापारी मालाचा दहावा भाग त्याला ठरवून दिला, त्या बदल्यात राजा प्रजेचं रक्षण करतो, म्हणून राजाचा अवमान करू नये, हे त्याने सांगावं. रचना बघा. लोकांच्या मनातली तक्रार आधी लोकांतल्याच एकाच्या तोंडून बाहेर येते. त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर सरकारी वाटत नाही; आपल्याच शंकेला मिळालेलं समाधान वाटतं. दोघंही पगारी आहेत हे कळलं की सगळा डोलारा जमीनदोस्त होतो. माझ्या कसोटीचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

‘प्रोपगंडा’ हे नाव १६२२ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या मंडळावरून आलं. त्याची झळ कोकणपट्टीला थेट लागली होती. पोर्तुगीज राजसत्तेच्या हक्कातलं पाद्रोआदो आणि रोमच्या अखत्यारीतलं प्रोपगंडा अशा दोन तटांत मुंबईतले ख्रिस्ती समाज एकोणिसाव्या शतकात विभागलेले होते, आणि चर्च कोणाच्या ताब्यात यावरून दीर्घ भांडणं झाली. त्या काळी हा शब्द शिवीसारखा वापरला जात नव्हता. त्याला काळिमा लागला तो पहिल्या महायुद्धात.

तिकडे जाण्याआधी आपल्या मातीतलं एक प्रकरण सविस्तर पाहायला हवं. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने पुण्या-मुंबईत गर्दी जमवण्याचं नवं साधन दिलं, त्यातल्या मेळ्यांनी राजकारण घरोघर नेलं. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या रूपात ब्राह्मणी कर्मकांडावर प्रहार केले, त्यांच्या मागून आंबेडकरी जलसे आले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांच्या डफाने मैदानं भरली. पण तंत्राच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखं आहे ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’. १९०७ साली ते रंगभूमीवर आलं. कथा विराटपर्वातली: सैरंध्रीच्या वेषातली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा उन्मत्त कीचक, सबुरी सांगणारा युधिष्ठिर आणि शेवटी कीचकाला मारणारा भीम. नाटकात इंग्रज नाहीत, व्हाइसरॉय कर्झन नाही, मवाळ-जहाल हे शब्द नाहीत. तरी प्रेक्षागृहातल्या माणसाला कीचक कोण, द्रौपदी कोण आणि भीम कोण हे सांगावं लागत नव्हतं. महाभारताचं सगळं पुण्य आणि सगळा संताप आयता मिळत होता. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या पुस्तकात इंग्रज वाचकाला या नाटकाचा अर्थ उलगडून सांगितला.

एका गोष्टीचा भाव दुसरीवर चढवण्याचं हे तंत्र. देवाच्या तसबिरीखाली उदबत्तीचं नाव छापतात तेव्हा तेच असतं, उमेदवाराच्या डोक्यामागे शिवाजी महाराजांचं चित्र लावतात तेव्हाही तेच. मग ‘कीचकवधा’ला वेगळं का मानायचं? कारण खाडिलकरांना जे माहीत होतं ते प्रेक्षकालाही माहीत होतं. पडदा होता तो सरकारी परीक्षकासाठी. लेखक आणि प्रेक्षक मिळून सत्तेला चकवत होते. लेखक प्रेक्षकाला चकवत नव्हता. त्या नाटकातल्या हिंसेच्या सूचनेबद्दल वाचकाचं मत काहीही असो, त्यात प्रेक्षकाची फसवणूक नव्हती.

आता पहिल्या महायुद्धाकडे. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा जॉर्ज क्रील यांच्या सरकारी प्रचारसमितीने हजारो स्वयंसेवक वक्ते देशभर पाठवले. सिनेमाची रिळं बदलताना मिळणाऱ्या चार मिनिटांत ते बोलत, म्हणून त्यांचं नाव ‘चार मिनिटवाले’. युद्ध संपल्यावर क्रील यांनी स्वतःच पुस्तक लिहिलं आणि आपण अमेरिकेची जाहिरात कशी केली हे अभिमानाने सांगितलं. ब्रिटनमध्ये जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढतात अशी कंडी पिकवली गेली होती. ती खोटी असल्याचं नंतर उघड झालं. तिची किंमत पुढे निरपराधांनी मोजली, कारण नाझींच्या खऱ्या अत्याचारांच्या बातम्या आल्या तेव्हा अनेकांना ती जुनी थाप आठवली. १९२२ साली वॉल्टर लिपमन यांनी लोकमत कसं घडवलं जातं याचं मर्म मांडलं: माणूस जगाला उत्तर देत नाही, डोक्यातल्या जगाच्या चित्राला देतो. १९२७ मध्ये हॅरल्ड लासवेल यांनी युद्धकाळातल्या प्रचाराचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला.

एडवर्ड बर्नेझ यांनी त्याच ज्ञानाचा धंदा केला. ते फ्रॉइड यांचे भाचे. ३१ मार्च १९२९ या ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेट पेटवली. ते स्वातंत्र्याचे पलिते आहेत असं जाहीर झालं, आणि बातमी देशभर गेली. बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणं तेव्हा अशिष्ट मानत, म्हणून ते दृश्य बंडासारखं दिसलं. त्यामागे अमेरिकन टोबॅको कंपनीचा पैसा होता हे वाचकाला कळू दिलं नव्हतं. या प्रसंगाने सिगारेटचा खप किती वाढला याबद्दल बर्नेझ यांनी पुढे रंगवलेल्या कथा जशाच्या तशा घेऊ नयेत. प्रचारकाचा स्वतःबद्दलचा प्रचारही तपासावा लागतो. पण स्त्रियांच्या खऱ्या आकांक्षेवर विक्रीचा माल कसा चढवतात, याचा तो नमुना आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक जाहिराती आजही तोच गिरवतात.

जर्मनीत १९३३ साली गोबेल्स यांचं प्रचार मंत्रालय उभं राहिलं, स्वस्त रेडिओ घरोघर पोचला. तो इतिहास मराठीत बऱ्यापैकी आला आहे, म्हणून इथे थांबत नाही. तुलनेने अपरिचित राहिली ती त्याला अमेरिकेत मिळालेली प्रतिक्रिया. १९३७ साली तिथे प्रचार-विश्लेषण संस्था स्थापन झाली आणि तिने सामान्य माणसासाठी सात युक्त्यांची यादी केली. विरोधकावर शिक्का मारून मोकळं होणं. ‘विकास’, ‘परंपरा’ असे गोंडस पण मोघम शब्द पेरणं. देवाचं, देशाचं पुण्य उसनं घेणं. नामवंताची साक्ष काढणं. मी तुमच्यातलाच आहे असं भासवणं. सोयीचे तेवढेच पुरावे मांडणं. आणि सगळे तिकडेच चालले आहेत, तुम्हीच मागे राहिलात, असं सांगणं. १९३९ च्या एका पुस्तकात या संस्थेने फादर कॉफलिन या लोकप्रिय रेडिओवक्त्याची भाषणं घेतली आणि जिथे जी युक्ती दिसली तिथे तिचं छोटं चिन्ह मजकुरात टाकलं. पानभर चिन्हंच चिन्हं. वाचकाला डोळ्यांनी दिसलं.

या संस्थेवर त्या वेळीच एक टीका झाली: ज्याला प्रत्येक वाक्यात युक्ती दिसू लागते त्याचा कशावरच विश्वास उरत नाही. मला ही टीका गंभीर वाटते. तंबाखू कंपन्यांना नेमकं तेच हवं होतं. सगळेच खोटं बोलतात असं म्हणणारा माणूस स्वतःला सावध समजतो, पण तो खऱ्यासाठीही उठून उभा राहत नाही. म्हणून पुस्तकात युक्त्यांची यादी दिली असली तरी ती शेवटी दिली आहे, आणि प्रत्येक युक्तीबरोबर तिचा प्रामाणिक वापर कुठे झाला तेही दाखवलं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विषय प्रयोगशाळेत गेला. कार्ल हॉवलंड यांनी सैनिकांवर प्रयोग करून दाखवलं की ज्यांचं मत आधीच विरोधात आहे किंवा जे अधिक शिकलेले आहेत, त्यांना दोन्ही बाजू मांडणारा मजकूर जास्त पटतो. विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात सुचवलं की खोट्या युक्तिवादाचा सौम्य नमुना आधी दाखवून त्याचं उत्तर दिलं तर पुढच्या हल्ल्याला मन तोंड देऊ शकतं. आज अफवांविरुद्धचे अनेक उपक्रम याच कल्पनेवर चालतात. १९७७ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं दाखवली. जी परत परत आली ती खरी असोत वा खोटी, त्यांना अधिक खरी वाटू लागली. रॉबर्ट चाल्दिनी यांचं १९८४ चं पुस्तक विक्रेत्यांच्या सहा युक्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. खोलीच्या दृष्टीने मात्र मी फ्रेंच विचारवंत जाक एल्यूल यांना पुढे ठेवीन. १९६२ साली त्यांनी लिहिलं की सुशिक्षित माणूस प्रचाराला जास्त बळी पडतो, कारण तो खूप माहिती घेतो, ती पडताळू शकत नाही आणि तरीही प्रत्येक प्रश्नावर आपलं मत असायलाच हवं असं त्याला वाटतं.

भारतीय जाहिरातीतलं एकच उदाहरण इथे घेतो. निरमाच्या स्वस्त पिवळ्या पावडरीने सर्फला जेरीस आणलं तेव्हा १९८० च्या दशकात ललिताजी पडद्यावर आल्या. अलीक पदमसी यांच्या या जाहिरातीतली बाई भाजी घेतानाही घासाघीस करणारी, काटकसरी. म्हणजे महाग पावडर घेते ती उधळी म्हणून घेत नाही, हे आधी ठसवलं. मग तिने सांगितलं की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, आणि अर्धा किलो सर्फ साध्या एक किलो पावडरीइतकं पुरतं. पात्र कल्पित, उद्देश विक्रीचा, पण मांडणी युक्तिवादाची. विकणारा कोण हे लपवलेलं नाही, आणि दावा बादलीत कपडे बुडवून कुणालाही पडताळता येण्यासारखा. जाहिरात म्हणजे फसवणूक असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा नमुना विचारात घ्यावा.

मग आजच हे पुस्तक कशाला? २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा जवळपास सारखाच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पी. साईनाथ यांनी ते ‘द हिंदू’तून चव्हाट्यावर आणलं आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर अहवाल काढला. जाहिरातीवर ‘जाहिरात’ लिहिलेलं असेल तर वाचक तिचं वजन त्या मानाने धरतो. बातमीचा पोशाख चढवला की ते वजन चुकतं. ऑनलाइन दुकानात आपण न मागितलेला विमा आधीच टिचकी मारून ठेवलेला असतो, आणि नाही म्हणायचं तर ‘मी असुरक्षितच राहीन’ असं लिहिलेलं बटण दाबावं लागतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. निवडणुकीच्या सभेतला वक्ता निदान सगळ्यांना एकच भाषण देत होता. आता प्रत्येकाच्या फोनवर वेगळा मजकूर येतो, आणि शेजाऱ्याला काय दाखवलं हे आपल्याला कळत नाही. दुसऱ्याचा चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवणं तर आता पोरासोरांच्या हातात आलं आहे.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात या गावी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले होते. त्या वर्षी मुलं पळवल्याच्या अफवा देशभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. त्यांत एक चित्रफीत फार पसरली: मोटरसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, मूल सुखरूप ठेवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. उरलेली दृश्यं तीच, एकही फ्रेम बनावट नाही, आणि बघणाऱ्याच्या मनातलं बालकांविषयीचं प्रेमही खरं. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जे गेले ते गेले. ही फीत पुढे पाठवणारे बहुतेक लोक आपण चांगलं काम करतो आहोत अशाच भावनेने पाठवत होते, आणि म्हणूनच हा विषय ‘त्या’ फसव्या लोकांचा नाही, आपला सगळ्यांचा आहे.

आता या पुस्तकाविषयी. यात कुठल्या पक्षाचा प्रचार जास्त खोटा याचा निवाडा नाही. तो वाचकाने करावा. युक्त्या वापरून माल कसा खपवायचा किंवा निवडणूक कशी जिंकायची हे शिकण्यासाठी कुणी पुस्तक उघडलं तर त्याची निराशा होईल. प्रयत्न असा आहे की प्रत्येक तंत्र मराठीतल्या प्रत्यक्ष नमुन्यावर दाखवावं: जुन्या मासिकांतल्या औषधांच्या जाहिराती, सभांची पत्रकं, संपादकीयं, नाटकाच्या प्रयोगाची निवेदनं, रिक्षातून पुकारलेल्या घोषणा, आणि अलीकडचे फॉरवर्ड. नमुना आधी येतो, शास्त्र नंतर. न्यायसूत्रं आणि अ‍ॅरिस्टॉटल यांना शेजारी बसवलं आहे, कारण हेत्वाभास ही कल्पना मराठी वाचकाला परक्या शब्दांतून शिकावी लागू नये असं वाटतं. शाळा-कॉलेजांत वक्तृत्वस्पर्धा भरपूर होतात, पण ऐकायचं कसं याची परीक्षा कुठेच नाही. शिक्षकांना वर्गात घेता येतील असे काही उतारे त्यासाठी मुद्दाम दिले आहेत. मी ज्या बाजूने झुकतो त्या बाजूचे नमुनेही तितक्याच कडकपणे तपासावेत असा आग्रह धरला आहे, आणि तो कुठे सुटलेला दिसला तर वाचकांनी हक्काने दाखवून द्यावं.

एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयांत पुस्तकं जपली जातात, पण निवडणुकीची पत्रकं, सिनेमांची आणि नाटकांची हँडबिलं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, बाजारातले फलक, जुन्या कॅलेंडरवरची चित्रं यांना जागा नसते. दुसऱ्या दिवशी ती रद्दीत जातात. लोकांचं मन कोण, कसं वळवत होतं याचा खरा पुरावा मात्र त्यांच्यातच असतो. तुमच्या घरी, माळ्यावर, जुन्या पेटीत असं काही असेल तर ते टाकून देऊ नका. मागे तारीख आणि गावाचं नाव पेन्सिलीने लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा कॉलेजच्या इतिहास विभागाला नेऊन द्या.